न मिटणारा चाकू

९ जानेवारी १९५८

परत मिटला! अंगठ्यात चांगलाच रुतला. हळद दाबली, चिंधी बांधली, पुन्हा कानस हातात घेतली. देवराव मिस्त्री ऐरणीपलीकडून हसला. "उकंड्या, तुहे बोटं सरतीन, पन तुहा चाकू काही व्हत नाही बे!"

त्याचं हसू मला पाठ आहे. सहा वर्षं त्याच्याकडे पाती घासतोय. कारखाना म्हणतो तो — बाजारामागची टिनाची पडवी, एक भाता, दोन ऐरणी, पाच माणसं. नागपूरला दीक्षा घेऊन आलो त्याला सव्वा वर्ष झालं. माझं नाव आता धर्मपाल. त्याला दोनदा सांगून झालं, तिसऱ्यांदा सांगणार नाही. आधीची पोरं जगली नाहीत म्हणून आईने मला उकंडा, म्हणजे उकिरडा, म्हटलं. तिने म्हणावं. याने का?

असो. मुद्दा चाकूचा. आपला घडीचा चाकू उघडा राहतो तो पाठीतल्या कमानीच्या जोरावर, बाकी काही आधार नाही. टोकावर जोर दिला की कमान हरते आणि पातं धरलेल्या बोटांवर येतं. परवा फुलसिंग आला होता. त्याची गावाबाहेर संत्र्याच्या कलमांची वाडी आहे. माझी बायको सत्यशीला तिथेच डोळे भरायला जाते. ते काम म्हणजे दिवसभर चाकू — खुंटाची साल चिरायची, आत संत्र्याचा डोळा बसवायचा, काटे तोडायचे. म्हणाला, "मिस्त्री, असा चाकू द्या का उघडला म्हंजे उघडला. माह्या वाडीत रोज कोनाचं तरी बोट कापून राह्यलं." देवराव म्हणाला, "असा चाकू विलायतेत भेटते." सगळे हसले. मी हसलो नाही. तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

१० जानेवारी

आडवा खिळा घालून पाहिला. आता मिटत नाही — पण कधीच मिटत नाही!

२६ जानेवारी

सुट्टी. पूस नदीवर गेलो होतो. एकजण मासे धरायची बांबूची टोपली लावून बसला होता. तोंडाशी बारीक काड्या, आतल्या बाजूला कललेल्या. मासा आत शिरताना काड्या वाकतात; तो गेला की आपोआप सरळ होतात, आणि परतीची वाट बंद! त्यांना कुणी हात लावत नाही. त्यांच्या अंगातच ते आहे.

मी तासभर त्या काड्यांकडे बघत बसलो. तो माणूस म्हणाला, "मासे पाह्यजे का भाऊ?" नको म्हटलं आणि पळत घरी आलो.

जेवताना मनात तेच फिरत होतं, तर आईचा आवाज: "कोन्त्या हातानं वाढून राह्यली व? लाज हाय का नाही!" सत्यशीलाने मुकाट्याने पळी दुसऱ्या हातात घेतली. या बायांची रोजची कटकट. धड विचारही करू देत नाहीत.

१६ फेब्रुवारी

झाला! झाला! झाला!

लिहून ठेवतो, पुढे कुणी माझं नव्हतंच म्हणेल म्हणून. मुठीच्या दोन फळ्यांच्या आत पितळी पत्रे असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. उजव्या पत्र्याला उभा काप देऊन एक लांब जीभ सोडवली आणि ती आतल्या बाजूला वाकवली. चाकू मिटलेला असला की पातं जिभेला दाबून ठेवतं. उघडला की जीभ टक्‌ करून पात्याच्या बुडाशी आडवी येते. माशाच्या टोपलीतली काडी! मिटायचं असेल तर मुठीला खालून एक खाच आहे. तिथून अंगठ्याने जीभ बाजूला सारायची, की पातं सुटलं.

आणि खरी मजा पुढे. चाकू मुठीत आवळला की बोटं खालून वळून येतात आणि त्या खाचेतून जिभेला आणखी आत रेटतात. म्हणजे जितका घट्ट धरावा तितका घट्ट बसतो! हे मी मुद्दाम केलेलं नाही, आपोआप झालं. शंभर वेळा रेटला. लाकडात टोक खुपसून अंगाचा भार टाकला. हलला नाही.

पातं बाबांच्या सुरीचं आहे. त्या सुरीने त्यांनी जन्मभर गावची मेलेली ढोरं सोलली. दीक्षेनंतर आमच्या घरातलं ते काम सुटलं, सुरी कुडात खोचून पडली होती. तापवली, ठोकली, नवं पाणी दिलं. बाबा असते तर त्यांच्या हातात दिला असता. रडू आलं, खोटं कशाला लिहू.

सत्यशीलाला दिला. वाडीत ने म्हटलं, हा तुझ्या बोटांवर कधी यायचा नाही. तिने उलटापालटा करून पाहिला, "चांगला हाय" म्हणाली आणि कमरेला खोचला. एवढंच! महिनाभर रक्त आटवलं त्याचं एवढंच.

३ मार्च

देवरावने चाकू पाहिला. दहा वेळा उघडला, दहा वेळा मिटला. हसला नाही. मग म्हणाला, "उद्यापासून समदे चाकू असेच करू." पात्यावर शिक्का ठोकायला घेतला — देवराव, पुसद.

मी म्हणालो, मिस्त्री, जीभ माझी आहे, एका बाजूला माझंही नाव ठोका. धर्मपाल.

तो रागावला नाही, तेच जास्त लागलं. समजावून सांगितल्यासारखं म्हणाला, "हे पाह्य, चाकू मानूस खिशात ठेवते. त्यानं आंबा कापते, सुपारी कापते, तोंडात टाकते. तुह्या नावाचा चाकू कोन घेईन बे?"

दुपारची भाकर तशीच घरी परत आणली.

४ मार्च

कोन घेईन बे. कोन घेईन बे. कानशीचा आवाजसुद्धा तोच येतोय.

१९ मार्च

आज एक केलं. जिभेच्या मागे, पत्र्यावर, जिथे मूठ उपटल्याशिवाय कुणाची नजर जाणार नाही, तिथे बारीक छिन्नीने एक ध ठोकला. आता प्रत्येकात ठोकणार. बाहेर तो, आत मी. माणसं याच चाकूने आंबे कापतील, सुपाऱ्या कापतील. खा म्हणावं!

७ डिसेंबर

चाकू वणीपर्यंत गेला. कोळशाच्या ट्रकवाल्यांच्या खिशात आहे म्हणतात. दिग्रस, उमरखेड, सगळीकडे मागणी. लोक त्याला देवराव चाकू म्हणतात.

२२ फेब्रुवारी १९५९

यवतमाळला शेतीच्या अवजारांचं प्रदर्शन भरलं होतं. देवरावला मानपत्र मिळालं. नवीन कल्पनेबद्दल! तिथल्या साहेबाने विचारलं, ही कल्पना सुचली कशी? देवराव म्हणाला, "सुचली एक डाव, देवाची किरपा." मी मागे पेटी घेऊन उभा. साहेबाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा. मला वाटलं, आता विचारेल. त्याने पाणी मागितलं. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, राहू दे.

परतीच्या मोटारीत देवराव मानपत्र मांडीवर घेऊन झोपला. त्याच्या खिशातल्या चाकूतही माझा ध आहे, हे आठवत मी पुसदपर्यंत आलो.

२३ फेब्रुवारी

आईने विचारलं, "काय देल्लं रे तुले तेथं?" काय सांगू!

११ नोव्हेंबर

पहिली तक्रार. फुलसावंगीकडच्या तांड्यावरचा धावजी नावाचा म्हातारा आला. डाव्या हाताला ही मोठी पट्टी. "मिस्त्री, तुमचा चाकू माह्या हातात मिटला. वावरात बाभूळ छाटून राह्यलो होतो. दोन बोटं गेले समजा."

देवरावने माझ्याकडे बोट दाखवलं. मी त्याचा चाकू घेतला, त्याच्यासमोर उघडला, टोक ठोकळ्यात रुतवून सगळा जोर लावला. जरा हलेल तर शपथ! मग म्हटलं, बाबा, पट्टी डाव्या हाताला आहे. फांदी डाव्या हातात धरली, चाकू उजव्यातून घसरला आणि डाव्यावर बसला. घसरला, मिटला नाही. घसरण्याचा दोष चाकूला देऊ नका.

म्हातारा म्हणाला, "नाही भाऊ, पट्टी सोडून दावतो, घाव पाह्य कसा हाय—" मी म्हणालो, गरज नाही. तरी तो उभाच. तेव्हा माझा तोल गेला. खोटं बोलायला एवढ्या लांब आलात, असं बोललो. त्याने चाकू ठोकळ्यावर ठेवला आणि गेला.

मी बोललो ते बरोबरच होतं. आता चाकू नावारूपाला आला तर असे रोज येतील.

१२ नोव्हेंबर

त्याचा चाकू खोलून पाहिला. जीभ शाबूत, ध शाबूत. म्हटलं नव्हतं?

१७ डिसेंबर

सत्यशीलाच्या डाव्या हाताच्या बोटाला चिंधी. काय झालं? "इयी लागली." विळीचं हिला रोजच काहीतरी असतं.

५ जानेवारी १९६०

परवा तिने बाबांच्या पात्याचा तो चाकू माझ्यासमोर ठेवला. "हा मले नाही जमत. जुनाच बरा हाय." का? खाली बघून म्हणाली, "मिटते तो."

माझ्या अंगाची आग झाली. बाजारात लोक बोलतात, कारखान्यात देवराव बोलतो, आता घरातही तेच! मी म्हणालो, फुलसिंगच्या वाडीत वीस बाया तोच चाकू वापरतात, त्यांचा मिटत नाही आणि तुझाच मिटतो? धरायची अक्कल लागते. तूही त्यांच्यातलीच निघालीस.

तिने चाकू उचलून पेटीत ठेवला. दोन दिवस झाले, कामापुरतंच बोलते.

२८ फेब्रुवारी

आणखी तीन परत आले. एक दारव्ह्याहून, एक वणीहून, एक इथलाच सुताराचा. तिघांचं एकच — आवळून धरला की मिटतो. आवळून धरला की! उलटंच! आवळल्यावर तर तो पक्का बसतो! तिन्ही चाकू माझ्या हातात दगडासारखे. देवरावच्या हातात दगडासारखे. मग कुणाच्या हातात मिटतात? कुणीतरी माझ्या वाईटावर टपलंय. लोकांना शिकवून पाठवतात.

९ एप्रिल

भर बाजारात देवराव गिऱ्हाइकाला सांगत होता, मी समोरून येतोय हे बघूनही. "ते जीभ माही नव्हे भाऊ. आमच्या येथं एक उकंडा हाय, त्याची करामत. म्याच फसलो त्याच्या नादी लागून."

दोन वर्षांनी माझं नाव घेतलं! भर बाजारात घेतलं, मोठ्याने घेतलं, आणि तेही जुनं.

१८ जून

मला काढून टाकलं. जुन्या कमानीचे चाकू परत सुरू. देवराव म्हणाला, "मानपत्र तेवढं राहू दे," आणि स्वतःच हसला. बाकीचे चार माना खाली घालून घासत होते.

कानस माझी होती, ती घेऊन आलो.

३० ऑगस्ट

दारोदार विळे, अडकित्ते, कात्र्या पाजळत फिरतो. एका घरी म्हातारीने विळा उंबऱ्यावरून लांब सरकवला, हातात दिला नाही. आई म्हणते, "धरमपाल, सोड तो चाकू आता." ऐकलं की आत ठिणगी पडल्यासारखं जळतं. माझा चाकू बरोबर आहे. बरोबर आहे. बरोबर आहे.

१४ जानेवारी १९६१

आजचं सगळं लिहितो.

दुपारी फुलसिंगच्या वाडीकडे विळे पाजळायला गेलो होतो. वाटलं, सत्यशीला दिसते का बघावं. शेवटच्या ओळीत, कुंपणाशी, सगळ्यांकडे पाठ करून एकटीच बसली होती. मी मागे उभा राहिलो. तिला कळलं नाही.

काय हात चालत होता! साल चिरली, डोळा बसवला, बांधला, पुढचा. फुलसिंगसुद्धा असा भरत नाही. मी कौतुकाने बघत होतो. आणि मग दिसलं. चाकू डाव्या हातात होता.

माझ्या पायाखाली काडी मोडली. तिने वळून पाहिलं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत चाकू उजव्या हातात! तो हात मात्र अवघडला, साल फाटली. म्हणाली, "काहून आले तुमी?"

मी तिथेच मातीत बसलो. विचारलं, तू डावखुरी आहेस? तिने लुगड्याच्या पदराने डाव्या हाताची पाठ पुसली. तिथे जुना डाग आहे, मी कायम चुलीचा समजत आलो. "लगनाच्या पह्यल्या साली आत्याबाईनं उलथन्यानं चटका देल्ला होता. वाढताना डावा हात पुढं केल्ता म्हून. तवापासून तुमच्या पुढं नाही उचलला." आत्याबाई म्हणजे माझी आई. मग म्हणाली, "येथं शेवटच्या ओळीत कोनी पाह्यत नाही."

माझ्या पिशवीतला चाकू काढला. माझा, जिभेचा. डाव्या हातात घेतला. तीन वर्षांत पहिल्यांदा. टोक खुंटात रुतवलं आणि आवळला.

मिटला.

पुन्हा उघडला, पुन्हा आवळला. पुन्हा मिटला! उजव्या हातात बोटं ज्या बाजूने येतात, डाव्यात त्याच्या उलट्या बाजूने येतात. त्याच खाचेत शिरतात आणि जिभेला परत तिच्या पत्र्याकडे सारतात. जितका घट्ट धरावा तितका लवकर सुटतो. जोर लावणाऱ्याचीच बोटं कापणारा चाकू केला मी.

सत्यशीला म्हणाली, "म्या सांगतलं होतं." रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणायला हवं होतं.

१५ जानेवारी

धावजीची पट्टी डाव्या हाताला होती. सोडून दाखवतो म्हणत होता. घाव बोटांच्या आतून, आडवा असणार. ते पाहिलं असतं तर तिथेच कळलं असतं. मी गरज नाही म्हणालो. एकालाही विचारलं नाही की चाकू कोणत्या हातात होता. विचारायचं सुचलंच नाही! घरात बारा वर्षं डावखुरी बाई, तिचा हात मला दिसला नाही, तर दुसऱ्यांचा काय दिसणार.

नाव बदललं. घरातले देव नदीत सोडले. बाबांची सुरी ठोकून चाकू केला. आणि एक उलथणं तेवढं तसंच चुलीपाशी राहिलं. आईशी बोललो नाही. ती विचारते, "काय झालं रे?" सांगेन. पण कोणत्या तोंडाने? चटका तिने दिला, आणि बोटं मी कापली.

१९ जानेवारी

देवरावकडे गेलो. सांगितलं, जीभ दुसऱ्या पत्र्याला कापली की डावखुऱ्यांचा चाकू होतो, दोन्ही करू. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "डावऱ्याइसाठी कोन कारखाना चालवीन बे?" अगदी असंच मीही बोललो असतो, आठ दिवसांपूर्वी.

३ फेब्रुवारी

बाबांच्या पात्याचा चाकू खोलला. डाव्या पत्र्याला जीभ कापली, खाच फिरवून घेतली. सत्यशीलाने डाव्या हातात धरला — आईसमोर, चुलीपुढे. आई उठून बाहेर गेली. सत्यशीलाने पाटात टोक रुतवून आवळला, वाकली, सगळा भार टाकला. हलला नाही. ती हसली. किती वर्षांनी, कोण जाणे.

मी म्हणालो, याच्यावर बाहेर तुझं नाव ठोकतो. म्हणाली, "कायले? असाच एक आखीन करा. त्या धावजीबाबाले नेऊन द्या आंधी."

१२ फेब्रुवारी

फुलसावंगी. तांड्यावर गेलो. धावजीने चाकू उजव्या हाताने घेतला. डाव्याची दोन बोटं आता वाकत नाहीत. उलटून पाहिला, नाव दिसेना. "त्या चाकूवर तं देवरावचं नाव होतं," म्हणाला.

मी म्हणालो, आत माझं होतं.